शेवटचं स्टेशन पकिप्सी

परवा भाचीने व्हॉट्सअॅपवर एक लिस्ट पाठवली. अमेरिकेत पोहोचल्यावर पहिल्या सहा महिन्यांत बघायच्या जागा. टाइम्स स्क्वेअर, लिबर्टीचा पुतळा, नायगरा, व्हाइट हाउस आणि फिलाडेल्फियातल्या म्युझियमच्या त्या पायऱ्या, ज्यांच्यावरून ‘रॉकी’ पळत वर जातो. लिस्टच्या खाली प्रश्न : ‘मावशी, तू होतीस ना तिकडे? काही राहिलंय का?’

राहिलंय. पण ते व्हॉट्सअॅपवर मावणार नाही.

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही मनवेलपाड्याचे. म्हणजे विरार पूर्व, स्टेशनबाहेर शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी चौथी सीट, अर्धं अंग बाहेर, समोर जीवदानीचा डोंगर. भाचीला फिलाडेल्फियात एम.एस.ला अॅडमिशन मिळालीय. बिल्डिंगमध्ये पेढे वाटून झालेत, लोनचे कागद बँकेत गेलेत आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला बजावूनही टाकलंय, ‘आता तिकडेच सेटल हो गं. मावशीसारखं करू नकोस.’

मावशीसारखं म्हणजे परत येणं.

मी २००७ मध्ये ऑनसाइट गेले आणि २००९ मध्ये परत आले. जर्सी सिटीत तीन मुली एका फ्लॅटमध्ये, सॉफ्टवेअर टेस्टिंग, एका बँकेचा प्रोजेक्ट. पहिल्या वर्षी मीही लिस्टच केली. नायगराला रेनकोट घालून फोटो, लिबर्टीसमोर हात वर करून फोटो. घरी सीडी पाठवल्या. आईने सगळे फोटो बघितले आणि फोनवर एवढंच म्हणाली, ‘छान आहेत. पण तिकडे आनंदीबाईंची समाधी आहे म्हणतात. तिथे गेलीस का?’

माझी आई बत्तीस वर्षं विरार लोकलने चर्चगेटला नोकरीला गेली. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ची कादंबरी तिने लेडीज डब्यात उभ्याने वाचली, ग्रुपमधल्या सगळ्यांनी आळीपाळीने. नालासोपाऱ्याला एकीने पुस्तक दिलं की दहिसरला दुसरीकडे जायचं. अंधेरी येईपर्यंत डब्यात दोघी-तिघी रडत असायच्या, असं ती अजून सांगते. मला मात्र आनंदीबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला धडा. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर, दोन मार्कांचा प्रश्न. समाधी, तीही अमेरिकेत? मी इंटरनेटवर शोधलं. होती. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या एका गावात.

नेटाने जाण्याचं कारण वेगळंच घडलं. १५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि आमच्या ऑफिसमधली हवाच बदलली. कँटीनमध्ये लोक हळू आवाजात बोलायला लागले. फ्लॅटवर रात्री एकच विषय, कुणाचा व्हिसा किती दिवसांचा. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मला ते ऐकवेना. पर्स उचलली, पाथ ट्रेनने मॅनहॅटनला आले आणि ग्रँड सेंट्रलच्या खिडकीत उभी राहिले.

‘वन फॉर पोघकीप्सी.’

खिडकीतला माणूस दोन सेकंद बघत राहिला. मग म्हणाला, ‘पकिप्सी.’ मला हसूच आलं. दीड वर्ष मी या लोकांना ‘मॅन-वेल-पॅडा’वरून मनवेलपाड्यावर आणायचा प्रयत्न करत होते. मनवेल हे वसईच्या ख्रिस्ती घरांतलं नाव, मूळ पोर्तुगीज मॅन्युएल, हे समजावण्याच्या फंदात तर मी कधी पडलेच नाही. पकिप्सीचंही तसंच. त्या प्रदेशातल्या मूळच्या वॅपिंजर लोकांच्या भाषेतलं नाव, लव्हाळ्यांनी शाकारलेलं, छोट्या पाण्याजवळचं घर असा काहीसा अर्थ. नाव ठेवणारे लोक तिथून कधीच हटवले गेले, नाव तेवढं रेल्वेच्या बोर्डावर उरलं. आमच्याकडे ‘पाडा’ शब्द बिल्डरांच्या पाट्यांवर उरलाय तसा.

गाडीत चढले आणि बोर्डावरची स्टेशनांची यादी वाचली. हडसन लाइन, शेवटचं स्टेशन पकिप्सी. माझा जन्म शेवटच्या स्टेशनचा! विरार तेव्हा लोकलचं शेवटचं स्टेशनच होतं, डहाणूपर्यंत लोकल २०१३मध्ये गेली. शेवटच्या स्टेशनच्या माणसाला एक शांती असते, झोप लागली तरी हरकत नसते. पण इथे डबा जवळजवळ रिकामा. खिडकी पकडायला कुणाशी भांडण नाही, ‘बोरिवली उतरनेका है क्या?’ नाही. सवयीने धावत जाऊन डावीकडची खिडकी पकडली आणि लॉटरी लागली. कारण हार्लेम ओलांडून गाडी शहराबाहेर पडली की नदी डावीकडे येते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. विरारच्या पुढे वैतरणेच्या पुलावर आपल्याला जे पाणी मिनिटभर दिसतं, ते इथे पावणेदोन तास. ऑसिनिंगला गाडी सिंगसिंग या जुन्या तुरुंगाच्या आवारातून जाते. पुढे पलीकडच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, दगडी, किल्ल्यासारखी. डोंगरांवर लाल-पिवळी झाडं. चर्चगेट-विरार साठ किलोमीटर, हे अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट.

इथे जरा विषयांतर करते, कारण गाडीतच हे पहिल्यांदा डोक्यात आलं आणि मग महिनाभर मी त्याच्या मागे लागले. आपली विरार लोकल आणि अमेरिका यांचं एक जुनं नातं आहे. १२ एप्रिल १८६१ला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटरवर मारा केला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. तिथला कापूस अडकला. लँकशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि त्यांनी तोंड वळवलं मुंबईकडे. कापसाचे भाव असे चढले की मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस. बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या, सगळ्यांचे शेअर्स आणि सगळ्यांच्या मध्ये प्रेमचंद रायचंद. १८६५च्या वसंतात जनरल लीने शरणागती पत्करली, युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि जुलैमध्ये मुंबईचा बाजार बसला. बँका बुडाल्या, मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. लेहमन बुडाल्यानंतरच्या महिन्यात हे वाचताना कसं वाटतं ते विचारू नका.

याच वर्षांत गुजरातच्या कापसाच्या मुलखातून येणारी बी.बी. अँड सी.आय. रेल्वे मुंबईला पोहोचत होती. रेल्वे युद्धामुळे झाली असं म्हणणं चूक ठरेल, कंपनी १८५५चीच. पण १८६४च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडला आली तेव्हा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता. आणि या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी विरारहून बॅकबेला सुटली ती १२ एप्रिल १८६७ला. दिवसाला एक गाडी जायला, एक यायला. फोर्ट समटरला बरोबर सहा वर्षं झाली होती. तारीख जुळणं हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो. कापूस वेचणारे गुलाम कुठल्या कुठे, आणि रोज सकाळी आपण ज्या रुळांवर लटकतो ते रूळ कुठे.

असो. पकिप्सी.

स्टेशनच्या डोक्यावरून एक भलामोठा जुना रेल्वे पूल जातो. १८८९चा, १९७४च्या आगीनंतर बंद पडलेला. (२००९मध्ये तो पायी फिरायला खुला झाला. भाचीने तो लिस्टमध्ये घालायला हरकत नाही.) मी टॅक्सी केली. ‘रूरल सिमेटरी’ म्हटल्यावर ड्रायव्हरने आरशातून बघितलं, पण काही बोलला नाही. आत शिरल्यावर कळलं की ही स्मशानभूमी म्हणजे एक अख्खं उद्यान आहे. चढउतार, मोठाले मेपल, वळणदार रस्ते, आणि हजारो दगड. ऑफिसमधल्या बाईंनी नकाशावर पेनाने खूण करून दिली. तरी पाऊण तास फिरले.

दगड मोठा नाही. नाव, पुढे एम.डी., १८६५ ते १८८७. आणि शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, एवढी ओळख. आजूबाजूला सगळे कार्पेंटर मंडळींचे दगड. कार्पेंटरांच्या मध्ये एक जोशी.

साल वजा करून बघा. बावीस. तेही पूर्ण नाही, महिनाभर बाकी होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझी सगळ्यात मोठी अडचण व्हिसाची होती. आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव, वीस वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरी, बायकोला शिकवायचं या एका वेडाने पछाडलेले. त्या वेडाचा जाच बायकोला किती झाला हे आईच्या लेडीज डब्याला चांगलं ठाऊक आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीत रोझेल नावाच्या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघताना वाचलं. तिथून सगळं सुरू झालं. ‘चाळताना हाती लागलं’ या प्रकारावर माझा तेव्हापासून विश्वास आहे. कार्पेंटर बाईंनी पत्र लिहिलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं, न बघितलेल्या दोघी मावशी-भाची झाल्या. एप्रिल १८८३मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नाही. ४ जूनला न्यूयॉर्क. मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. अंगावर साडी, जेवण शाकाहारी, आणि ती थंडी. मला हीटर असलेल्या खोलीत पहिल्या जानेवारीत रडू फुटलं होतं.

११ मार्च १८८६ला एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी आधीच मिळाली होती. अंगात क्षय घेऊन ती परत आली. नोकरीवर रुजू झालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटर बाईंना पाठवली आणि त्यांनी ती आपल्या घरच्या माणसांशेजारी ठेवली.

मी त्या दगडासमोर गवतावर बसले. पर्समध्ये आईने निघताना दिलेली जीवदानीच्या कुंकवाची पुडी होती. ठेवावं की नको, कळेना. शेवटी चिमूटभर ठेवलं. वाऱ्याने लगेच उडालं. फोटो काढले, आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. आई म्हणाली, ‘दगड स्वच्छ आहे का गं?’ हो म्हटलं. ‘फुलं?’ नाही, फुलं नव्हती. गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुझ्या हातातली पाण्याची बाटली तरी ओत जरा.’

परतीच्या गाडीत मी आनंदीबाईंपेक्षा जास्त विचार केला तो तिच्या पदवीदान समारंभाला आलेल्या दुसऱ्या एका मराठी बाईचा. पंडिता रमाबाई. विधवा, लहान मुलगी सोबत, इंग्लंडहून खास या समारंभासाठी आलेल्या. चार दिवसांसाठी आल्या आणि दोन वर्षांहून जास्त राहिल्या. देशभर फिरल्या, भाषणं दिली, पुस्तक लिहून विकलं, आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. हातात निधीची खात्री आल्यावर परतल्या. शारदा सदन मुंबईत उघडलं ती तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईच्या पदवीला बरोबर तीन वर्षं. हा मात्र योगायोग असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी त्यांचं मराठी प्रवासवर्णन आलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आपल्याकडे अमेरिकेबद्दल एवढं लिहिलं गेलं, अगदी परवापर्यंत, पण त्यातलं निम्मं चकाचक रस्ते आणि मोठ्ठे मॉल यांच्यातच संपतं. रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायकांच्या संस्था कशा चालतात, पैसा कसा जमवतात हे डोळे फाडून बघितलं. आणि त्याच पुस्तकात काळ्या लोकांना कसं वागवतात, मूळ रहिवाशांना कसं लुबाडलं, हेही न घाबरता लिहिलं. ज्यांच्याकडून मदत घ्यायची त्यांच्याबद्दल! मला क्लायंटच्या मीटिंगमध्ये साधं ‘नो’ म्हणायला सहा महिने लागले.

आता महिनाभर पुढे. ४ नोव्हेंबर २००८च्या रात्री ओबामा निवडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या लॉबीत आमची सिक्युरिटी गार्ड, साठीची कृष्णवर्णीय बाई, रोज कडक चेहऱ्याने आयकार्ड तपासणारी, उघड उघड रडत होती. मी थांबले. काय बोलावं सुचेना, म्हणून जे सुचलं ते सांगितलं. आमच्या महाराष्ट्रात जोतिराव फुले म्हणून होते. त्यांनी १८७३मध्ये जातीच्या गुलामगिरीवर पुस्तक लिहिलं, नावच ‘गुलामगिरी’. आणि ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या भल्या लोकांना, आमचे देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील या आशेने.

बाईंनी डोळे पुसले, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग? झालं का तुमच्याकडे?’

मी ‘कायद्याने झालं’ असं काहीतरी पुटपुटले. बाबासाहेबांचं नाव घेतलं. १९१३मध्ये ते इथेच, नदीपलीकडे कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला आले होते, हे सांगितलं. ते १९१६पर्यंत तिथे होते. पुढे १९४६मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं. बाई मान डोलवत होत्या. मला मात्र आमची बिल्डिंग आठवत होती. फ्लॅट भाड्याने द्यायचा असला की आमच्याकडे पहिला प्रश्न, ‘आडनाव काय?’ दुसरा, ‘नॉनव्हेज खाता का?’ डिपॉझिटचं नंतर. लॉबीतून लिफ्टपर्यंत जाताना मला वाटलं, बरं झालं तिने अजून खोलात विचारलं नाही.

हे सगळे लोक अमेरिकेला गेले ते तिकडून काहीतरी आणायला. पदवी, पैसा, विचार. फुले तर गेलेही नाहीत, त्यांनी पुस्तकातूनच घेतलं. त्यांच्या हिशोबात परत येणं हाच प्रवासाचा मुद्दा होता. मनवेलपाड्याच्या हिशोबात परत येणं म्हणजे नापास.

मी मार्च २००९ला परत आले. बिल्डिंगमध्ये चालणारं व्हर्जन : मंदीत काढून टाकलं. माझं व्हर्जन : डलासमध्ये दुसरा प्रोजेक्ट मिळत होता, मीच नको म्हटलं. खरं सांगायचं तर दोन्हीत तथ्य आहे. प्रोजेक्ट बंद झाला नसता तर मी आपणहून आले असते का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि मी काही रमाबाईंसारखं सोबत आणलंही नाही. दोन बॅगा, एक कॅमेरा, बदाम. परत आल्यावर पहिल्या सोमवारी सकाळची फास्ट पकडली तेव्हा दारातली एक अनोळखी बाई ओरडली, ‘अंदर चलो ना!’, आणि मी आत सरकले, एवढंच.

ताई, म्हणजे भाचीची आई, सध्या रात्रीची झोपत नाही. लोनचा आकडा मोठा आहे. गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५मध्ये, नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हापासून घरात रोज एकच चर्चा, शिकून झाल्यावर नोकरी मिळेल का, नाही मिळाली तर लोन कसं फिटणार. ‘परत यावं लागलं तर?’ ताईने मला परवा विचारलं, आणि मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. मी हसले. काय करणार? पण हेही खरं की लोन डोक्यावर घेऊन परत येणं आणि बचत घेऊन परत येणं यांत फरक आहे. तिला आनंदीबाईंच्या गोष्टी सांगून हप्ता फिटत नाही.

भाचीला मी उत्तर पाठवलं. फिलाडेल्फियात असशीलच, तर ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजचं अर्काइव्ह शोध. आनंदीबाईंचं कॉलेज नाव बदलत बदलत शेवटी त्यांच्यात सामावलं, जुने कागद तिथे आहेत. १८८५चा एक फोटोही आहे, तिघी विद्यार्थिनींचा. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि तिसरी सिरियाची साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशी पोशाखात, हसत नाहीयेत. मग एखाद्या शनिवारी न्यूयॉर्कला ये, ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइन घे.

तिचं उत्तर आलं : ‘पोघकीप्सी?? तिथे काय आहे?’

‘पकिप्सी,’ मी लिहिलं. ‘फुलं घेऊन जा, आजीने सांगितलंय. आणि जाताना डावीकडची खिडकी पकड.’

दोन निळ्या टिका आल्या. मग एक अंगठा. मग बऱ्याच वेळाने : ‘रिटर्न तिकीट काढायचं ना?’